दर उन्हाळ्यात कुंपणाचा बांबू पिवळा पडतो? आधी कोणतं पान पिवळं झालंय ते बघा

कुंपणाला लावलेला बांबू पावसाळ्यात हिरवागार होतो, दिवाळीपर्यंत छान डोलतो आणि होळी झाली की पिवळा पडायला लागतो. मे उजाडेपर्यंत पानांची टोकं जळालेली असतात, खाली पाचोळ्याचा थर साचतो आणि ज्या रस्त्याचा आडोसा म्हणून तो लावला तो रस्ता आरपार दिसतो. मग मृगाचा पाऊस येतो, बांबू सावरतो आणि आपणही विसरून जातो. पुढच्या मार्चात पुन्हा तेच.

परभणीत आमच्या घरी हे सलग चार उन्हाळे झालं. पिवळ्या बांबूची अकरा बेटं, पश्चिमेच्या भिंतीलगत एका ओळीत. पहिल्या तीन वर्षांत जो भेटला त्यानं दोनच उपाय सांगितले, पाणी वाढवा आणि युरिया टाका. मी दोन्ही मनापासून केलं आणि दोन्हींनी दुखणं वाढलं. युरिया टाकला की पंधरा दिवसांत भराभर नवी पानं यायची, पण ती जुन्यापेक्षाही फिकी. त्या फिक्या पानांकडे नीट बघितलं तेव्हा कुठे गाठ सुटायला लागली. नांदेड, लातूर, जालना इथल्या नातेवाइकांच्या अंगणातही मी हेच बघितलं आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पानं वाचायची कशी

'बांबू पिवळा पडला' एवढ्यावरून काहीच कळत नाही. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आधी बेटाजवळ जा आणि एक फांदी हातात घ्या.

फांदीच्या बुडाची, आतल्या बाजूची जुनी पानं सारखी पिवळी होऊन गळत असतील आणि टोकाला सुईसारखी गुंडाळलेली नवी हिरवी पानं दिसत असतील, तर काहीही करू नका. मार्च-एप्रिलमध्ये बांबू जुनी पानं टाकून नवी घेतो, ही त्याची रीतच आहे. आपल्या रानातला माणवेल तर कोरड्या मुलखात उन्हाळ्यात जवळजवळ उघडा पडतो. आडोशासाठी माणवेल लावला असेल तर दर मे महिन्यात तो आडोसा जाणारच, त्यावर औषध नाही.

दुपारी पानं सुरळीसारखी मिटत असतील तर तेवढ्यावरून घाबरू नका. ४२-४३ अंशांच्या उन्हात बांबू पान मिटून पाणी वाचवतो. सकाळी सहाला तीच पानं उघडी असतील तर मुळांना पाणी पुरतंय. सकाळीही मिटलेलीच असतील तर मात्र खरी तहान आहे, त्याच दिवशी पाणी द्या.

टोकाकडून आणि कडांनी पान करपतंय, कागदासारखं कोरडं तपकिरी होतंय, मधला भाग मात्र हिरवा आहे, आणि हे जुन्या पानांवर जास्त आहे, तर ते क्षाराचं लक्षण. पाण्यातलं मीठ पानाच्या टोकाशी जाऊन साचतं आणि टोक जाळतं.

आणि नवी, कोवळी पानंच पिवळी, कधी पांढुरकी निघत असतील, त्यांच्यात लांबीच्या दिशेनं बारीक हिरव्या रेघा तेवढ्या उरल्या असतील, तर ती लोहाची कमतरता. बांबू हे गवत, त्यामुळे त्याच्या शिरा समांतर जातात आणि पान पट्टेदार दिसतं. पिवळ्या बांबूच्या खोडावर हिरवे पट्टे मुळातच असतात, एखाद्या पानावरही जातीची फिकी रेघ असते. त्याला रोग समजू नका. पूर्ण शेंडाच फिका असेल तेव्हाच लोहाकडे वळा.

पानांवर सुईनं टोचल्यासारखे बारीक पांढुरके ठिपके आणि मागे जाळी दिसली तर ती कोळी नावाची बारीक कीड. पाण्याची जोरदार फवारणी पानाच्या खालच्या बाजूनं दोन-चार दिवसांआड मारत राहा, बहुतेक वेळा भागतं.

आमच्याकडे यातली क्षाराची आणि लोहाची अशी दोन लक्षणं होती. टोकं जळत होती आणि शेंडे फिके निघत होते. मराठवाड्यात या दोघांची जोडी फार दिसते, कारण दोघांचं मूळ जवळजवळ एकाच ठिकाणी आहे.

भिंतीच्या बुडाशी काय निघालं

चौथ्या उन्हाळ्यात पिंगळीकडून एक मामा बागेच्या कामाला आले. त्यांनी पानं बघितलीच नाहीत. पहार घेतली आणि भिंतीपासून फूटभर अंतरावर जमीन उकरली. वर वीतभर काळी माती. तिच्याखाली पहार खणकन वाजली. विटांचे तुकडे, प्लास्टरची ढेकळं, वाळू आणि पाण्यात भिजून दगड झालेला सिमेंटचा गोळा, त्यावर गोणीच्या विणीचा ठसा जसाच्या तसा. मामा म्हणाले, "ताई, ही माती न्हाई. बांधकामाचा राहिलेला माल हितंच पुरलाय अन् वरून काळी पसरलीय. ह्याच्यात बांबू तरी काय खाईल?"

मग त्यांनी न्हाणीघरातली फरशी धुवायच्या आम्लाची बाटली मागितली. मूठभर माती एका फुटक्या बशीत घेतली आणि वरून चार थेंब टाकले. तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज झाला आणि पांढरा फेस काठापर्यंत वर आला. अंगणाच्या मधली माती घेऊन तेच केलं. तिथंही फसफसलं, पण हळू, कान जवळ नेला तर ऐकू येईल इतकंच. मातीत चुना असला की आम्लाशी त्याची अशी क्रिया होते. घरी करायचं असेल तर हातमोजे घाला, उघड्यावर करा, तोंड लांब ठेवा आणि ते आम्ल ब्लीचिंग पावडरजवळ नेऊ नका.

या प्रयोगातून दोन गोष्टी कळतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते. नांगरटीत वर येणारे पांढरे खडे तेच. त्यात घराच्या भिंतीलगत सिमेंट-प्लास्टरचा चुना आणखी मिसळतो. आणि बांबू आपण लावतो तो नेमका भिंतीलगतच. म्हणून अंगणातला पेरू बरा असतो आणि कुंपणाचा बांबू पिवळा.

लोह मातीत भरपूर असतं, ते कमी नसतं. पण मातीचा पीएच, म्हणजे ती आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, ८ च्या वर गेला की ते विरघळत नाही. कोठार भरलेलं आणि दाराला कुलूप, अशी बांबूची गत होते. युरियाचा घोळ इथंच आहे. युरियानं नवी पानं जास्त फुटतात, प्रत्येक पानाला लोह हवं असतं, येणारं लोह तेवढंच, मग सगळीच पानं फिकी. खत देऊन बांबू जास्त पिवळा पडला, हा अनुभव तुम्हालाही आला असेल तर लोहाचा संशय पक्का धरा.

बोअरच्या पाण्याचा वाटा

गिझरच्या कॉइलवर, बादलीच्या काठावर जो पांढरा थर बसतो तोच रोज बांबूच्या आळ्यात जातो. बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट लोहाचं कुलूप आणखी घट्ट करतात, आणि बाकीचे क्षार पानांची टोकं जाळतात.

पाणी किती यापेक्षा ते कसं घालतो याला जास्त महत्त्व आहे. रोज संध्याकाळी पाइप धरून दोन मिनिटं ओलं करणं ही सगळ्यांत वाईट पद्धत. ते पाणी चार बोटं खोल जातं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उडून जातं आणि क्षार जागेवर ठेवतं. महिनाभरात आळ्याच्या कडेला मिठासारखी पांढरी खपली येते. खरवडून जिभेच्या टोकाला लावून बघा, खारट लागते. बांबूची बहुतेक बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, म्हणजे बरोबर या खपलीच्या खाली.

आरओच्या नळीतून सुटणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कितीतरी घरांत ते झाडांना घालतात. भावना चांगली आहे, पाण्याची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते दिवस इथं कोणी विसरलेलं नाही. पण आरओ जे क्षार गाळून बाजूला काढतं ते सगळे त्याच पाण्यात असतात. आमच्या बोअरचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, १,२०० च्या आसपास, आणि आरओच्या नळीतलं १,८०० च्या पुढे. हे पाणी फरशी पुसायला, संडासात ओतायला वापरा, बांबूला घालू नका. कपडे धुतलेल्या साबणाच्या पाण्यात सोडियम असतो, तेही नको. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते जमवून एखाद्या कुंडीला द्या.

मी काय बदललं

आधी न केलेल्या गोष्टीबद्दल लिहिते. गंधक मिसळून माती आम्ल करा, असा सल्ला हमखास मिळतो. हिशोब करून बघा. १ किलो गंधक साधारण ३ किलो चुना खातो. घनमीटरभर माती म्हणजे अंदाजे १,३०० किलो, तिच्यात १० टक्के चुना धरला तर १३० किलो. तो संपवायला ४० किलोच्या वर गंधक लागेल, तेही एका घनमीटरला, आणि बोअरचं पाणी दर आठवड्याला नवा चुना आणत राहणार. मूठभर गंधकानं भिंतीलगतची पूर्ण माती सुधारत नाही. जिप्समही चोपण, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीसाठी आहे, चुनखडीच्या जमिनीत त्यानं लोह मोकळं होत नाही. कोणती जमीन आपली, ते कळायला जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत माती द्या आणि पीएच, क्षारता व मुक्त चुना हे तीन आकडे आवर्जून मागा.

मातीशी भांडण्यापेक्षा मुळांना वेगळी जागा करून द्यायचं ठरवलं. सगळ्यांत वाईट चार बेटं मृगाचे दोन पाऊस झाल्यावर उचलली. भिंतीपासून तीन फूट सोडून त्यांच्यासाठी वरंबा केला, जमिनीपासून दहा-बारा इंच उंच. शेतातली लाल-तांबूस पोयट्याची माती दोन भाग आणि जुनं कुजलेलं शेणखत एक भाग. बाकीच्या सात बेटांना हलवलं नाही. त्यांच्या अंगणाकडच्या बाजूनं दीड फूट खोल चर काढला, डबर निघेल तेवढं काढलं आणि तेच मिश्रण भरलं. नवी मुळं आपोआप तिकडं वळली. पुढच्या वर्षी उकरलं तेव्हा त्या चरात पांढऱ्या मुळांची जाळी होती आणि भिंतीच्या बाजूला जवळपास काहीच नव्हतं.

वरंबाच का, खड्डा का नाही, हे समजून घ्या. सगळीकडे '२ बाय २ बाय २ फुटांचा खड्डा करून चांगली माती भरा' असं सांगतात. मुरमाड जमिनीत, संभाजीनगरच्या माळावर, ते चालतं. परभणी-नांदेडच्या खोल काळ्या जमिनीत तो खड्डा म्हणजे कढई होते. आत सैल माती, बाजूला चिकण भिंत. श्रावणातलं पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट नसते. मुळं गुदमरून कुजतात, आणि त्याचा परिणाम पोळ्याच्या वेळी दिसत नाही, मार्चमध्ये दिसतो, जेव्हा उन्हाळा सोसायला मुळंच शिल्लक नसतात. शंका असेल तर दीड फूट खड्डा करून पाण्यानं भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी रात्रभरात पाणी उतरलं नाही तर वरंब्याशिवाय लावू नका.

लोहाचा तात्पुरता आधारही द्यावा लागला. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम आणि लिंबूसत्त्व लिटरला १ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारायचं. दहा-बारा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. हिराकस फिकट हिरवं असलं पाहिजे. गंजल्यासारखं पिवळं-तांबडं झालं असेल तर ते घेऊ नका, पानाला उपयोग नाही. फवारताना भिंत आणि फरशी झाका, त्याचे गंजाचे डाग निघत नाहीत. आमच्या पांढऱ्या भिंतीवर ते अजून आहेत. जमिनीतून द्यायचं असेल तर चिलेटेड, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रेणूनं धरून ठेवलेलं लोहच लागतं, आणि तेही 'ईडीडीएचए' लिहिलेलं, पाण्यात टाकलं की गडद लाल होणारं. दुकानात 'ईडीटीए'चं स्वस्त पाकीट पुढं करतात, पण चुनखडीच्या जमिनीत ते टिकत नाही. प्रमाण पाकिटावरचंच पाळा. फवारलेली पानं हिरवी होतात, पण पुढची नवी पानं मातीवर अवलंबून असतात, म्हणून फवारणीवर थांबू नका.

पाणी रोजचं बंद केलं. एप्रिल-मेमध्ये दर सहाव्या-सातव्या दिवशी एका मोठ्या बेटाला ५० लिटर, सावकाश, ठिबकच्या नळीनं चार तासांत. क्षार मुळांच्या खाली ढकलले जातात. एक-दोन वर्षांच्या रोपांना एवढं अंतर झेपत नाही, त्यांना तीन-चार दिवसांनी द्या. आणि पावसाळ्यात गच्चीचं पाणी बांबूकडे वळवलं. १०० चौरस मीटर गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला तर १,००० लिटर पाणी मिळतं, तेही बिनक्षाराचं. वर्षभर साचलेलं मीठ धुवायला याच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त वरंब्याच्या दुसऱ्या टोकाला पाणी बाहेर जायला वाट ठेवा.

शेवटचं काम सगळ्यांत सोपं आणि घरच्यांना सगळ्यांत न पटणारं होतं. बांबूखालचा पाचोळा झाडून जाळणं बंद केलं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगेत हात जाईल इतकी, आणि भेग पडताना बारीक मुळं तुटतात. पाचोळ्याचा वीतभर थर असला की भेग पडत नाही, पाणी उडत नाही, खपली येत नाही. शिवाय बांबूच्या पानात सिलिका भरपूर असते, ती कुजून पुन्हा त्यालाच मिळते. आमच्या सासूबाईंना अंगण अस्वच्छ दिसायचं, म्हणून थराच्या कडेला विटांची ओळ लावली. तेव्हापासून त्याच पाचोळा आत लोटतात. वाळवीची भीती असते, पण थर बुंध्याला न टेकवता चार बोटं दूर ठेवला तर त्रास होत नाही.

यानंतरच्या एप्रिलमध्ये पानं गळली नाहीत असं नाही. गळली, आणि भिंतीलगतच्या दोन बेटांची टोकंही जळाली. पण अक्षय्य तृतीयेपर्यंत नव्या पानांनी फांद्या भरल्या आणि ती पानं हिरवी होती.

कोंब आणि तोड

जुलै ते सप्टेंबरमध्ये कोंब येतात. काही कोंब आपसूक मरतात, ते चालायचंच. पहाटे कोंबाच्या टोकाशी पाण्याचे थेंब दिसले तर तो जिवंत, कोरडा असेल आणि ओढताच हातात आला तर मेलेला. कोंब जेवढा जाड निघतो तेवढाच तो बांबू जाड राहतो, नंतर जाडी वाढत नाही. म्हणून यंदाचे कोंब गेल्या वर्षीपेक्षा बारीक असतील तर बेटाचं पोषण घटलं आहे असं समजा, पानं कितीही हिरवी असोत.

दाटी झाली तरी आतली पानं पिवळी पडतात. तीन-चार वर्षांच्या जुन्या काठ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीत काढा, पावसाळ्यात नको. एक-दोन वर्षांच्या काठ्यांना हात लावू नका, पुढचे कोंब त्यांच्याच बुडातून येतात. घरचा बांबू तोडायला वनखात्याची परवानगी लागेल म्हणून काही जण घाबरतात. २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती झाली आणि वनाबाहेर वाढवलेला बांबू 'झाड' या व्याख्येतून निघाला.

काठी कापताना जमिनीजवळच्या पेराच्या गाठीच्या लगेच वर कापा. गाठ सोडून मध्येच कापलं तर उरलेल्या नळीत पावसाचं पाणी साठतं आणि दारातच डास होतात.

आत्ता तुमच्याकडे एप्रिल-मे चालू असेल तर खोदकाम मृगावर ठेवा, उन्हात मुळं उघडी पाडू नका. या आठवड्यात पाचोळा परत बेटाखाली पसरा, रोजचं पाणी थांबवून एकदाच खोल भिजवा, आणि बशीत माती घेऊन चार थेंब टाकून बघा.